पायाळू पोर आणि वळवाचं आभाळ

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आले आणि डोकं मागून. हल्ली अशा बाळांना डॉक्टर सरळ ऑपरेशन करून काढतात आणि घरी गेल्यावर कुणी त्याचा विषयसुद्धा काढत नाही. पण नगरकडच्या कर्जत तालुक्यातल्या आमच्या गावात सुईणीनं ती बातमी दारातूनच ओरडून सांगितली होती, आणि मग गाव ती विसरायला काही तयार नव्हतं. पायाळू माणसाबद्दल आमच्याकडे दोन गोष्टी शेंबड्या पोरालाही ठाऊक असायच्या. एक म्हणजे त्यानं लाथ मारली की पाठीत भरलेली उसण जाते. दुसरी म्हणजे त्याच्यावर वीज पडते. पडण्याची शक्यता असते वगैरे नव्हे, पडतेच. आभाळात गडगडायला लागलं की ती त्याला हुडकत फिरत असते. पहिली गोष्ट गावाच्या कामाची होती. दुसरीनं आमच्या आईच्या जिवाला घोर लावला होता.

उसणीचं आधी सांगून टाकते, कारण ते गमतीचं आहे. सकाळी सकाळी कुणीतरी कमरेवर हात ठेवून, तोंड वाकडं करून अंगणात उभं असायचं. "पोरगी हाय का घरात?" मी चहात बुडवलेली भाकरी तशीच ठेवून उठायची. आलेला माणूस भिंतीकडं तोंड करून उभा राहायचा, मी मागून डाव्या पायाची लाथ हाणायची, तो "आई गं" म्हणायचा आणि सरळ होऊन घरी जायचा. गावातल्या बहुतेक मोठ्या माणसांना मी लाथा घातलेल्या आहेत. ज्या हेडमास्तरांना अख्खी शाळा टरकून असायची, ते एकदा धोतर सावरत आमच्या भिंतीपाशी उभे राहिले आणि "जरा जोरात, बाळ," असं स्वतःच्या तोंडानं म्हणाले. असं भाग्य किती विद्यार्थ्यांच्या वाट्याला येतं मला माहीत नाही. मी मात्र त्यांच्या इच्छेला मान दिला.

आता विजेचं. आमचं घर म्हणजे पुढं पत्र्याची पडवी, मध्ये चुलीची खोली आणि मागं मातीच्या धाब्याची अंधारी खोली. त्या अंधाऱ्या खोलीत बाजरीची कणगी, कांद्याचा ढीग, तुटकी तिफण आणि वळवाच्या दिवसांत मी. दुपारी वारा पडला, पत्र्याच्या सावलीतसुद्धा जीव नकोसा झाला, गोठ्यातली म्हैस दावणीला हिसके द्यायला लागली की आई काम सोडून पूर्वेकडं बघायची. आमच्याकडं वळीव बहुतेक जामखेडच्या अंगानं चढतो. त्या बाजूला जरा जरी काळवंडलं की तिची हाक यायची. अंगणात बाजेवर कुरडया वाळत असायच्या, धुणं असायचं, सरपण असायचं. ते सगळं मागून. आधी मला दंडाला धरून आत न्यायचं, घोंगड्यावर बसवायचं, हातात गूळ-शेंगदाण्याची वाटी द्यायची आणि बाहेरून कडी. घोंगड्यावरच का, असं मी एकदा विचारलं, तर "बसवत्यात" एवढंच म्हणाली. मग ती दाराला पाठ लावून बसायची. तिच्या बांगड्या दारावर वाजायच्या त्यावरून मला कळायचं की आई आहे. कुरडया अनेकदा भिजल्या. भिजून चिक झालेल्या कुरडया गुळात कालवून खाल्लेल्याही मला आठवतात, आणि वाईट नव्हत्या.

अंधारात बसून पोर दुसरं काय करणार? ऐकणार. पाऊस यायच्या आधी पत्रे एकेक करून वाजायला लागतात, तापलेले गार पडताना करकरतात तसे. मग धूळ. ती आवाज न करता येते पण दाताखाली कळते. मग कुठंतरी लांब, पोटात गुरगुरल्यासारखं गडगडणं. आणि मग पत्र्यावर पहिला टपोरा थेंब, दुसरा, आणि त्यानंतर काही ऐकू यायची सोयच नाही. चमकणं आणि कडाडणं यांच्यात किती वेळ जातो त्यावरून वीज लांब आहे की जवळ, हे मला शाळेत कुणी शिकवायच्या आधी त्या खोलीत कळलं होतं. पुढं मी जन्मभर भूगोल शिकवला. वर्गात हा धडा आला की मी पुस्तक मिटून ठेवायची.

त्या खोलीला पूर्वेकडं एक झरोका होता, विटेएवढा. कणगीवर पाय देऊन चढलं की डोळा बरोबर त्याच्यापाशी यायचा. त्या विटेएवढ्या भोकातून मी ढग बघितले. दुपारी आधी एक पांढरा ढग, तव्यावर भाकरी फुगावी तसा एका बाजूनं फुगायला लागतो. मग तो वर वर चढतो, माथ्याला पसरतो आणि बुडाला काळानिळा पडतो. मग त्या बुडातून विजा निघतात. काही खाली येतात, काही ढगातल्या ढगात पळतात, आणि काही नुसत्याच आतून उजेड करतात. आईला वाटायचं मी आत देवाचं नाव घेत बसलेय. मी कणगीवर चढून बसलेली असायची, आणि खरं सांगते, मला कधीही भीती वाटली नाही. मला राग यायचा तो झरोक्याचा. वीज नेमकी कडेला चमकायची आणि अर्धी भिंतीआड जायची.

आजकाल पुण्या-नगरची काही तरुण मुलं वळवाच्या दिवसांत गाड्या काढून ढगांमागं धावतात, मोबाईलवर ढगांचे नकाशे बघतात आणि एकमेकांना फोटो पाठवतात. त्यांच्या ग्रुपात मीही आहे. सगळ्यांत म्हातारी मीच. त्यातल्या एकानं मला विचारलं, "काकू, तुम्हाला हा नाद कसा लागला?" मी म्हटलं, "घरच्यांनी कोंडून घातलं म्हणून." त्यानं हसण्याचं चित्र पाठवलं. मी काही विनोद केला नव्हता.

कॅमेरा आला मामामुळं. मामाचा कर्जतच्या बाजारपेठेत फोटो स्टुडिओ होता. लग्नसराईत वाकून वाकून फोटो काढले की त्याच्या पाठीत हमखास उसण भरायची आणि तो एस.टी.नं आमच्याकडं लाथ खायला यायचा. एकदा असा सरळ होऊन ओट्यावर चहा पीत बसला असताना मी त्याला विचारलं, विजेचा फोटो निघतो का? मामा म्हणाला, "निघतो की. पण वीज दिसल्यावर बटण दाबशील तर नुसता अंधार येईल. तिच्या आधी डोळा उघडून बसायचं. आली तर आली." पुढच्या खेपेला त्यानं जुना कॅमेरा आणून दिला. काचेला एका कोपऱ्यात बुरशी धरलेली, पट्टा तुटलेला, पण बटण दाबून धरलं की पडदा उघडा राहायचा, आणि मला तेवढंच हवं होतं. मी बाजरीची छोटी पिशवी झरोक्यात ठेवायची, तिच्यावर कॅमेरा दाबून बसवायची आणि दिवेलागणीच्या सुमाराला, आभाळ काळंभोर झालं की, बटण दाबून श्वास रोखून बसायची. बहुतेक वेळा काही यायचं नाही. मामा रोल धुऊन आणायचा आणि म्हणायचा, "तुझ्या अंधाराचे फोटो छान आलेत."

एकदा मात्र आली. फोटोच्या चारी कडांना काळी भिंत आणि मधल्या पांढुरक्या तुकड्यात वरपासून खालपर्यंत फाटे फुटलेली वीज. मामानं पोस्टकार्डाएवढा फोटो करून आणला. मी उड्या मारत आईला दाखवायला चुलीपाशी गेले. तिनं हात पदराला पुसले, फोटो घेतला, बघितला आणि हात भाजल्यासारखा खाली टाकला.

"घरात इज आनलीस व्हय गं?"

"अगं, कागद हाय तो," अण्णा पडवीतून म्हणाले. अण्णा म्हणजे आमचे वडील. त्यांचा आवाज कधी चढत नसे आणि आईपुढं तर मुळीच नाही.

"कागद हाय, पर तिचाच हाय न्हवं? तिला कळंल ना पोरगी कुठं ऱ्हाती ती."

फोटो त्या दिवशी गोठ्यात गेला, वैरणीच्या माचावर. अण्णांनी तो पॉलिथिनमध्ये गुंडाळून ठेवला म्हणून टिकला. आईशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. पण मीही तिचीच पोर. त्या उन्हाळ्यात मी रोज एकच धोशा लावला, मला एकदा, फक्त एकदा, बाहेर उभं राहून वळीव बघू दे. अख्खं आभाळ, या कडेपासून त्या कडेपर्यंत. आई म्हणायची, "मी मेल्यावर बघ." आणि हे ती रागानं म्हणत नव्हती. भाकरी थापता थापता, सहज, जसं उद्या दळण आणायचंय म्हणावं तसं. म्हणून मला त्यातून सुटायची काही आशा दिसत नव्हती.

त्याच उन्हाळ्यात सोनाकाकूच्या मळ्यातला भुईमूग काढायला आला. आमच्याकडं हे काम सावडीनं चालायचं. आज तिच्याकडं सगळ्यांनी राबायचं, उद्या आमच्याकडं. प्रत्येक घरातून बाया यायच्या, आणि न जाऊन चालायचं नाही. सोनाकाकू म्हणजे शेजारीण, आवाज खणखणीत, मनानं मोकळी. आदल्याच आठवड्यात तिची उसण मी काढली होती. सकाळी आईनं चारी बाजूंनी आभाळ तपासलं. धुतल्यासारखं स्वच्छ होतं. तरी तिनं मला बजावलं, "ढगाचा तुकडा दिसला तरी सांग. लगी घरला पळायचं." मी मान डोलवली. भाकरीच्या पिशवीत तळाला कॅमेरा होता, हे तिला ठाऊक नव्हतं.

दुपारी लिंबाखाली भाकरी खाल्ल्या. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, बुक्कीनं फोडलेला कांदा आणि सोनाकाकूनं सगळ्यांसाठी आणलेली कैरीची डाळ. वारा नव्हता. घाम डोळ्यात उतरत होता. मी पूर्वेकडं बघत होते, आणि तिकडं काही नव्हतं. तो ढग आला मागून, डोंगराच्या आडून, ज्या बाजूनं यायची कुणाला सवय नव्हती. मान वळवली तेव्हा अर्धं आभाळ गेलेलं होतं. धुळीची भिंत मळ्याच्या कडेला येऊन ठेपली आणि बाया "पळा गं" करत विहिरीवरच्या मोटरीच्या खोलीकडं धावल्या. गाव लांब होतं. आईनं माझं मनगट धरलं आणि आम्हीही धावलो.

खोली कसली, चार पत्र्यांचं खुराडं. मोटर, पाइपांची भेंडोळी आणि त्यांच्या मधून दाटीवाटीनं बसलेल्या बाया. कोपऱ्यात सोनाकाकूची सून तान्ह्या पोराला पोटाशी धरून बसली होती. आम्ही शेवटी पोचलो. सोनाकाकू दारात उभी होती, एक हात चौकटीला लावून.

"वैनी, तुमी या. पोरगी नगं."

आईला धाप लागली होती.

"रागावू नगा," सोनाकाकूचा खणखणीत आवाज पार बसला होता. "आत लेकरू हाय. पायाळूला आत घेतलं आनि इज आली, तर समद्यांवर येईल. तुमीच सांगा, खोटं हाय का?"

आतल्या बाया खाली बघत होत्या. त्यांतल्या निम्म्या माझ्या लाथेनं बऱ्या झालेल्या होत्या. मला वाटलं, आता आई भांडणार. आई भांडायला लागली की गल्ली गोळा व्हायची. तिनं त्या कोपऱ्यातल्या तान्ह्या पोराकडं बघितलं.

"खरं हाय तुजं," ती म्हणाली. "म्याबी आसंच केलं आसतं."

आणि वळून चालायला लागली. मनगट तसंच धरलेलं. मागून सोनाकाकू ओरडली, "वैनी, तुमी या की आत! वैनी!" आईनं मान वळवली नाही.

माझ्या मनात त्या वेळी काय होतं ते सांगते. मला आनंद झाला होता. अपमान वगैरे नंतर कळला, तोही दुसऱ्यांनी सांगितल्यावर. त्या क्षणी मी वळवाच्या आभाळाखाली उघड्यावर होते आणि माझ्या पिशवीत कॅमेरा होता. डोंगराच्या बाजूला दोन विजा एकदम फुटलेल्या मी डोळ्यांनी बघितल्या. एकाही भिंतीआड न जाता त्या पूर्ण दिसल्या. मी पिशवीत हात घातला, आणि आईनं मला बांधापलीकडच्या ओघळीत पालथं पाडलं. माझ्या अंगावर ती पडली. तिच्या हाताचं कोपर माझ्या मानेवर होतं. तोंडासमोर एक ढेकूळ होतं आणि त्या ढेकळावरून एक मुंगळा घाईघाईनं चालला होता. त्या वर्षीच्या सगळ्यात मोठ्या वादळात मला जे दिसलं ते एवढंच.

मग गारा आल्या. मला त्या लागत नव्हत्या, नुसत्या ऐकू येत होत्या. मातीवर टपटप आणि आईच्या पाठीवर थाडथाड. दर गारेला तिचं अंग आखडायचं, ते मला कळायचं. वीज जवळ यायला लागली. चमकणं आणि कडाडणं यांच्यात आता जागाच उरली नव्हती, आणि याचा अर्थ मला तिथं असलेल्या कुणाहीपेक्षा चांगला कळत होता. तेव्हा मात्र मी घाबरले. मी "आई, आई" करायला लागले, पण ती माझ्याशी बोलत नव्हती. ती वर बघून ओरडत होती.

"म्या हाय पायाळू! हिकडं, म्या हाय! ही न्हाई, ही धाकली हाय, ही सरळ जल्माला आली!"

परत परत. गळा फाटेस्तोवर. आमची आई जन्मात कधी खोटं बोलली नव्हती. बाजारात वांग्याला कीड असली तर गिऱ्हाइकाला आधी दाखवणारी बाई ती. आणि तिला खरंच वाटत होतं की वीज ऐकते आहे, हुडकते आहे आणि आता या हाकेसरशी येणार. तिला ते सोळा आणे खरं वाटत होतं आणि ती हाका मारत होती. मला रडू फुटलं. मी तिच्या खालून निसटायला बघत होते, तिला गप्प करायला बघत होते, पण ती हलली नाही. मी इतकी वर्षं हे कुणाला सांगितलं नाही. सांगायला गेलं की लोक अंधश्रद्धेवर बोलायला लागतात.

वीज पडली ती दोन शेतं पलीकडच्या बाभळीवर. बाभळ उंच होती म्हणून तिच्यावर पडली, तिचा जन्म कसा झाला म्हणून नव्हे, हे भूगोलाची बाई म्हणून मी सांगू शकते. ढग जसा आला तसा गेला. ऊन पडलं. सोनाकाकू कोरडं पोतं घेऊन धावत आली, रडत रडत आईच्या अंगावर टाकायला लागली. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. भिजल्या मातीत शेंगा बऱ्या उपाटत्यात, चला." आणि खरंच सगळ्यांनी संध्याकाळपर्यंत उरलेला भुईमूग उपटला. सावड होती, अर्धी टाकून जाता येत नव्हती. तान्ह्या पोराला काही वेळ माझ्या मांडीवर दिलं होतं. रात्रीच्या जेवणाआधी अण्णांनी आईच्या पाठीला हळद लावली. पाठ काळीनिळी झाली होती.

पुढचा वळीव आठवड्याच्या आत आला, पुन्हा नेहमीसारखा जामखेडकडून. मी सवयीनं कॅमेरा आणि बाजरीची पिशवी घेऊन अंधाऱ्या खोलीत गेले आणि घोंगड्यावर बसले. कडी वाजायची वाट बघितली. कडी वाजली नाही. आई दारात उभी होती.

"चल भाईर. बघायचं हुतं न्हवं तुला?"

मी तिच्या मागून घरामागच्या खळ्यावर गेले. तिनं मला खळ्याच्या खोलगट कडेला बसवलं. म्हणाली, "हितनं हालायचं न्हाई. काड तुजं फोटू." आणि ती स्वतः चालत पुढं गेली, चांगली लांब, माळाच्या उंचवट्यावर, जिथं तिच्यापेक्षा उंच काही नव्हतं. तिथं मांडी घालून बसली.

"आई, इकडं ये की! तिथं कशाला?"

"नगं," ती ओरडली. "तिला आता म्या ठावं झालीया. आली तर माज्याकडंच ईल. तू आपली लांब बस."

मी तिला परोपरीनं समजावलं. तेव्हा समजावलं, नोकरी लागल्यावर पुस्तकं दाखवून समजावलं, गावात मोबाईल आला तेव्हा त्याच्यावर चित्रं लावून समजावलं. ती सगळं ऐकून घ्यायची, "आसंल बाई" म्हणायची. आणि वळीव आला की माझ्या आधी माळावर जाऊन बसायची, गुडघे गेले तरी काठी टेकत जायची. आमच्या गावात बाईनं चारचौघांत डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नसतो, आणि आईचा कधी ढळला नाही. फक्त तिथं, उंचवट्यावर बसल्यावर, ती तो काढून खांद्यावर टाकायची आणि तोंड आभाळाकडं करायची, वरून नीट ओळखू यावं म्हणून.